वारस दाखला काढायचाय? आधी सांगा, कुठला?

आमचे अण्णा २०२३ च्या पावसाळ्यात गेले. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, चौदाव्या दिवशी पाव्हणे गेले आणि पंधराव्या दिवशी मी अण्णांची पत्र्याची पेटी उघडून बसलो. सातबाराचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, ट्रॅक्टरचं आरसी, एफडीच्या तीन पावत्या, मिळून साधारण अकरा लाख. प्रत्येकाने एकच सांगितलं, "वारस दाखला काढून टाक, सगळं होतंय." दीड वर्ष लागलं सगळं व्हायला, आणि त्यातले पहिले चार महिने तर नुसते चुकीचा कागद काढण्यात गेले. मी वकील नाही, शाळेत शिकवतो, पण आता आजूबाजूच्या गावात कुणाकडं असं काही झालं की फोन मलाच येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, वारस दाखल्याला किती खर्च येतो? मी उलट विचारतो, कशासाठी पाहिजे? तिथं समोरचा गप्प होतो.

कारण वारस दाखला हे नाव एक आणि कागद चार-पाच. ग्रामपंचायत लेटरहेडवर लिहून देते तोही वारस दाखला, तलाठ्याकडं वारस नोंद होते तिलाही लोक तेच म्हणतात, सरकारी नोकर गेला की पेन्शनच्या कामाला तहसीलमधून मिळतो तोही तोच, आणि कोर्टातून निघतात ते तर दोन वेगळे. एकाचं काम दुसऱ्यानं होत नाही. तलाठ्याची नोंद दाखवून बँक एफडी मोडून देत नाही आणि बँकेसाठी कोर्टातून आणलेला कागद सातबाराला लागत नाही. एवढं डोक्यात पक्कं बसलं तरी निम्मा खर्च वाचतो.

आधी जमिनीचं सांगतो, कारण ते सोपं आहे आणि तिथं भांडण नसेल तर कोर्टाचा काही संबंधच नाही. जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिच्या कलम १४९ प्रमाणे वारसानं तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. (आता तलाठी म्हणायचं नाही, २०२४ पासून पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून कुणी तसं म्हणत नाही.) मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं, वय, नातं आणि पत्ते असलेलं शपथपत्र, आधार, आठ-अ आणि सातबारा. हा अर्ज ई-हक्क पोर्टलवरून घरबसल्या पण करता येतो. मग गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवहीत नोंद होते, त्यावरून फेरफार म्हणजे सातबारावर नाव बदलायची नोंद धरली जाते, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, कुणाची हरकत आली नाही की मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो आणि सातबारावर नावं चढतात. २०२५ मध्ये सरकारनं जिवंत सातबारा म्हणून मोहीम काढली ती याच कामाची, कारण गावोगाव सातबारावर तीस-तीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबा-पणजोबांचीच नावं होती. असं नाव राहिलं की कर्ज अडतं, पीक विमा अडतो, अनुदान अडतं.

फेरफार मंजूर झाला की एक गोष्ट स्वतः उतारा काढून बघा. बहिणींची नावं कुठं लागलीत? खातेदार म्हणून, की इतर हक्कात? आपल्याकडं वर्षानुवर्षं बहिणीला इतर हक्कात टाकून द्यायची पद्धत होती, भाऊ खातेदार आणि बहीण बाजूच्या रकान्यात. मुलगा आणि मुलगी दोघं सारखेच वारस आहेत, वडिलोपार्जित जमिनीतसुद्धा, २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानंच हिस्सेदार आहे, आणि त्यासाठी २००५ ला वडील हयात असायला पाहिजेत असं काही नाही हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. ताईला हिस्सा नको असेल तर तिनं स्वतःहून रजिस्टर हक्कसोड पत्र करायचं, तलाठ्यासमोर तोंडी "मला काय नको" म्हणून चालत नाही. आमच्या ताईनं सोडला नाही. दाजींना चार लोकांनी बोलून दाखवलं, पण तो विषय वेगळा.

आणि हो, फेरफार म्हणजे मालकी नव्हे. ती सरकारची सारा वसुलीची नोंद, मालकीवर वाद झाला तर दिवाणी कोर्टच ठरवणार.

आता बँक. इथं लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज नॉमिनीचा. नॉमिनी हयात असेल तर बँक त्याला पैसे देऊन मोकळी होते, कोर्टाचा कागद मागत नाही, पण म्हणून ते पैसे नॉमिनीचे होत नाहीत, तो सगळ्या वारसांच्या वतीनं घेणारा हात आहे फक्त. अण्णांच्या तिन्ही पावत्यांवर नॉमिनी होते आमचे आजोबा. ते २०११ ला वारले. अण्णांनी पावत्या दर वेळी रिन्यू केल्या पण नॉमिनी बदलायचं डोक्यात आलंच नाही, आणि त्या एका रकान्यापायी आम्हाला कोर्ट बघावं लागलं. हे वाचून झालं की घरातल्या पावत्या काढून बघा, खरंच सांगतो.

नॉमिनी नसेल तर प्रत्येक बँकेची एक मर्यादा असते, त्याच्या आत रक्कम असेल तर वारसांचं शपथपत्र, हमीपत्र, ना हरकत यावर काम होतं. आमच्या शाखेनं तेव्हा पाच लाखांची मर्यादा सांगितली, आमचे होते अकरा, म्हणजे कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये नवीन नियम काढले, आता सहकारी बँकांसाठी पाच लाख आणि बाकीच्या बँकांसाठी किमान पंधरा लाखांपर्यंत वाद नसेल तर कोर्टाचा कागद मागायचा नाही, आणि कागद पूर्ण दिल्यावर पंधरा दिवसांत क्लेम निकाली काढायचा. म्हणजे आमची केस आज असती तर कोर्टाची पायरी चढावीच लागली नसती. असो. तुम्ही मात्र शाखेत कुणी सवयीनं "सक्सेशन आणा" म्हणालं तर आधी विचारा, साहेब मर्यादा किती, आणि नाही म्हणत असाल तर लेखी द्या.

कोर्टातून निघणारे दोन कागद म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट आणि वारस प्रमाणपत्र. सक्सेशन म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र हे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली निघतं आणि ते फक्त वारलेल्या माणसाला मिळायच्या रकमा आणि रोखे यांच्यासाठी असतं, म्हणजे बँकेतले पैसे, शेअर्स, बाँड, कुणाला दिलेली उसनवारी. जमीन-घर त्यात घालताच येत नाही. दुसरं वारस प्रमाणपत्र हे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली निघतं, हो १८२७, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे धावायच्या सव्वीस वर्षं आधीचा कायदा आणि अजून महाराष्ट्रात रोज वापरात आहे. त्यात कोर्ट एवढंच म्हणतं की हे लोक अमक्याचे कायदेशीर वारस आहेत. मालकी त्यानं पण ठरत नाही. माझे पहिले चार महिने यातच गेले, कुणीतरी सांगितलं म्हणून १८२७ वाल्याची तयारी केली, जाहिरातीचा मजकूर पण टाइप झाला, आणि बँकेत सहज विचारायला गेलो तर म्हणाले आम्हाला सक्सेशनच लागतं, रकमेसकट. म्हणून ज्या ऑफिसला कागद द्यायचाय त्यांच्याकडून आधी लेखी घ्या की नेमकं काय पाहिजे, मग वकिलाकडं जा.

प्रोबेट हा शब्दही हल्ली फार ऐकू येतो, मोबाईलवरच्या व्हिडिओंमुळं. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टानं मारलेला शिक्का. मृत्युपत्रच नसेल तर प्रोबेट नाही, आणि हिंदू माणसानं गावात केलेल्या, गावच्याच जमिनीच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती, ती भानगड मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांची होती, आणि तिथली सक्तीही २०२५ मध्ये निघाली. मृत्युपत्रावर घरात कुणी हरकत घेत असेल तर मात्र प्रोबेट करून टाकलेलं बरं. गोव्याचं सगळं निराळं, तिथं नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा हिस्सा आधीच धरलेला असतो आणि वाटणी इन्व्हेंटरी प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे कोर्टात मालमत्तेची यादी करून होते, तेव्हा सावंतवाडीचा सल्ला पेडण्यात चालत नाही.

तर आता कोर्ट. अर्ज कुठं करायचा, तर वारलेला माणूस कायम राहायचा तिथल्या कोर्टात. तुम्ही पुण्यात असाल, मुंबईत असाल, त्याचा संबंध नाही. साधारणपणे हे काम दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडं चालतं आणि प्रत्येक तालुक्याला वरिष्ठ स्तर कोर्ट नसतं, काही ठिकाणी शेजारच्या तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावं लागतं, म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हाच. अर्जात मृत्यूची तारीख, राहण्याचं ठिकाण, सगळ्या जवळच्या नातेवाईकांची नावं-पत्ते, तुम्ही कुठल्या नात्यानं मागताय आणि कुठल्या खात्यात किती रक्कम आहे हे सगळं येतं. बँकेकडून शिल्लक दाखवणारं पत्र घ्या, खाते नंबर आणि पावती नंबर एकेक आकडा बोट ठेवून तपासा. सर्टिफिकेटवर जे छापून येतं ते या यादीवरूनच.

मृत्यू दाखला नसेल तर आधी तो. नोंद एकवीस दिवसांत करायची असते, वर्ष उलटून गेलं असेल तर पूर्वी त्यासाठी सुद्धा कोर्टात जावं लागायचं, २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम महसूलच्या अधिकाऱ्यांकडं आलंय, प्रांत किंवा तहसीलमध्ये चौकशी करा. आणि दाखल्यावरचं नाव बघा. आमच्याकडं दाखल्यावर पांडुरंग, आधारवर पांडूरंग आणि पावतीवर नुसतं पी. आर., त्यासाठी ही तिन्ही नावं एकाच माणसाची असं वेगळं शपथपत्र जोडावं लागलं. वेलांटी-उकारासाठी महिना जातो इथं.

नातेवाईकांच्या यादीत आमची मोठी चूक झाली आणि ती मी मुद्दाम सविस्तर सांगतो. आम्ही वारस लिहिले चार, आई, मी, धाकटा आणि ताई. पहिल्या तारखेला पुकारा झाला, आम्ही आत जाऊन उभे राहिलो, न्यायाधीश मॅडमनी अर्ज चाळला आणि वर न बघताच विचारलं, "मयताचे आई-वडील?" वकील म्हणाले, "वडील वारलेत." "आणि आई?" वकिलांनी माझ्याकडं बघितलं. आजी घरी होती, ८४ वर्षांची, सकाळी निघताना तिनंच हातावर दही घातलं होतं. मी म्हटलं, "आहे मॅडम." "मग अर्जात कुठायत त्या?"

हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुष माणूस मृत्युपत्र न करता गेला की पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको, मुलगे, मुली यांच्या जोडीला आई येते. वडील येत नाहीत, ते दुसऱ्या वर्गात, पण आई पहिल्यात, आणि तिचा हिस्सा बायको-मुलांएवढाच. म्हणजे आमच्यात चार नाही, पाच वारस, प्रत्येकी एक पंचमांश. आमचा घोळ असा झाला की सातबारावर आजीचं नाव आजोबा गेले तेव्हाच लागलेलं होतं, म्हणून आम्हाला वाटलं तिचा विषय मिटलाय. पण ते नवऱ्याच्या पश्चात आलेलं, हे मुलाच्या पश्चात येणारं, दोन्ही वेगळं. मग दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा नोटीस, दोन तारखा वाया. आणि हीच चूक तलाठ्याकडच्या वारस नोंदीत पण झाली होती, ती पण निस्तरावी लागली. बाई वारली तर हिशोब पुन्हा वेगळा बसतो, तिथं आधी मुलं आणि नवरा, तो इथं सांगत बसत नाही. मुस्लिम, ख्रिश्चन कुटुंबांना तर हे हिस्सेच लागू नाहीत. वारसांची यादी स्वतः मनानं करू नका एवढंच.

अर्ज दाखल झाला की त्याला दिवाणी किरकोळ अर्ज म्हणून नंबर पडतो आणि एक सोळा अक्षरी सीएनआर नंबर मिळतो, तो मोबाईलमध्ये ठेवा, ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख दिसते, वकिलाला दर आठवड्याला फोन करायची गरज राहत नाही. मग इतर वारसांना नोटीस, आणि जाहीर नोटीस पेपरात. कोर्टाच्या भिंतीवर पण ती चिकटवतात. पेपरचा खर्च आपला, आणि तो पेपरचा अंक जपून ठेवा, फाईलला लागतो. हरकतीची मुदत गेली, कुणी आलं नाही, की अर्जदाराचं पुराव्याचं शपथपत्र, मूळ कागद दाखवणं, बाकीच्या वारसांची ना हरकत. दुबईला, अमेरिकेला कुणी भाऊ-बहीण असेल तर त्यांनी तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन शपथपत्र करून पाठवायचं, त्यात पण वेळ जातो, आधीच कामाला लावा.

आजीला आम्ही कोर्टात रिक्षानं नेलं. सही येत नाही, अंगठा. शिरस्तेदारांनी शाईचा पॅड पुढं केला, तिनं अंगठा उठवला आणि पदराला पुसत मला हळूच विचारलं, "हे कशाला घेत्यात रं, जमीन जायची न्हाई न्हवं?" कोर्टातले सगळे हसले पण मला वाटतं हा प्रश्न बरोबर होता. वयस्कर माणसाचा अंगठा घेताना कागदात काय लिहिलंय हे त्याला त्याच्या भाषेत सांगायचं, ना हरकत म्हणजे हक्क सोडणं नाही हे पण सांगायचं. कारण आम्ही सर्टिफिकेट आईच्या एकटीच्या नावानं मागितलं होतं, तसं करता येतं, पण म्हणून सगळे पैसे आईचे झाले असं नाही, ती सगळ्यांच्या वतीनं बँकेतून घेणार आणि हिस्से ज्याचे त्याला देणार. बँकेला मतलब एवढाच की सर्टिफिकेट बघून प्रामाणिकपणे पैसे दिले की बँक सुटली, उद्या पाचवा-सहावा वारस उगवला तरी बँकेवर बोट नाही. सगळा खटाटोप बँकेच्या या सुटकेसाठी आहे, हे समजलं की मॅनेजर का अडून बसतो ते पण समजतं.

खर्चाचं. सक्सेशनची कोर्ट फी रकमेच्या टक्केवारीनं असते, रक्कम वाढली तशी वाढते, महाराष्ट्रात ७५ हजारांच्या वर जात नाही. ती अर्जाबरोबर भरायची असते आणि अर्ज मंजूर झाला की त्यातूनच सर्टिफिकेटचा स्टॅम्प घेतला जातो, वापरली नाही ती रक्कम परत मागता येते. कधी कोर्ट जामीनदारासह बाँड पण मागतं. वकिलाची फी वेगळी, ती आधी बोलून घ्या आणि टप्प्यानं द्या. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं. बाई अर्जदार असेल तर तिला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे न बघता, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांनाही तसंच. १९८७ चा कायदा आहे, पण गावात कुणाला माहीत नाही. आईच्या नावानं अर्ज होता, आम्हाला तो वकील मिळाला असता. आम्हाला पण माहीत नव्हतं.

आणि कुणी हरकत घेतलीच तर? कोर्ट इथं थोडक्यात चौकशी करून वरवर ज्याचा हक्क मजबूत दिसतो त्याला सर्टिफिकेट देतं, खोलात जाऊन कोण दत्तक, कोण दुसऱ्या बायकोचं, हे निकाली काढत नाही. त्याला रीतसर दावा लागतो, आणि त्याची वर्षं कुणी मोजू नयेत. कर्जाची पण लोकांना भीती असते, तर अण्णांच्या सोसायटीच्या कर्जाला आपण त्यांच्याकडून आलेल्या मालमत्तेपुरतेच बांधील, स्वतःच्या पगारातून भरायचं बंधन नाही, जामीनदार राहिला असाल तर गोष्ट वेगळी.

ऑर्डर झाली त्या दिवशी सर्टिफिकेट हातात येत नाही, स्टॅम्प, टायपिंग, सही यात आणखी दिवस जातात. नकलेचा अर्ज लगेच टाका आणि सर्टिफाइड कॉप्या तीन-चार घ्या. मूळ कागद लॅमिनेट करू नका, आमच्या धाकट्यानं हौसेनं केलं आणि बँकेत ते प्लॅस्टिक कापून काढावं लागलं.

पैसे आले, पाच हिस्से झाले. आजीच्या हिश्श्याची तिच्या नावानं एफडी केली, आता तिच्या पश्चात त्यावर काका आणि दोन्ही आत्यांचा पण हक्क येणार, तो हिशोब घरात आत्ताच बोलून ठेवलाय, आणि नॉमिनीच्या रकान्यात तिनं धाकट्या आत्याचं नाव सांगितलं. मागच्या महिन्यात पेटीच्या तळाला वर्तमानपत्राखाली आणखी एक पावती सापडली, तालुक्याच्या एका पतसंस्थेची, २२ हजारांची. ती आमच्या सर्टिफिकेटच्या यादीत नाही, आणि यादीत नसलेल्या रकमेला ते सर्टिफिकेट चालत नाही. कलम ३७६ खाली यादी वाढवून घेता येते, त्याला पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा तारीख. धाकटा म्हणतो सोड. आईनं मात्र पावती पेटीत ठेवलेली नाही, देव्हाऱ्यात ठेवलीय, आणि रोज सकाळी मी शाळेला निघालो की विचारते, कोर्टात कधी जातोयस.